मुलांमधला ओसीडी वेळेत कसा ओळखायचा? सांगली-साताऱ्याच्या पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

सांगली-मिरजेत पालकसभा संपल्यावर दारात थांबून, किंवा ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर हळू आवाजात जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतली मुलं कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून बारकावे बदललेत. हे पान वाचून घरी निदान करू नका. काय विचारायचं आणि कुणाकडे जायचं, एवढ्यासाठी ते वापरा.

ओसीडी म्हणजे नक्की काय?

मनात नको असलेला विचार, चित्र किंवा शंका पुन्हा पुन्हा घुसते आणि जीव कासावीस होतो. ती कासाविशी जावी म्हणून मूल काहीतरी करतं: हात धुतं, कडी तपासतं, मोजतं, मनातल्या मनात स्तोत्र म्हणतं, आईला तेच तेच विचारतं. घटकाभर बरं वाटतं आणि शंका परत येते. जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणतात. हे चक्र दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ खात असेल, किंवा शाळा, झोप, जेवण, खेळ यांच्या आड येत असेल, तर तो आजार. मुलांमध्ये त्याचं प्रमाण साधारण शंभरात एक ते तीन आहे. म्हणजे हजार पटाच्या शाळेत दहा तरी मुलं असणार. मुख्याध्यापकांना विचारलं तर एकाचंही नाव सांगता येत नाही, यातच सगळं आलं.

आमच्या मुलाला हात धुवायला दहादा सांगावं लागतं, खोलीत पसारा. त्याला कसला ओसीडी?

असू शकतो. हात धुणं हा या आजाराचा सगळ्यांना माहीत असलेला चेहरा आहे, एकुलता एक नाही. कपाटाला हात लावायचीच भीती वाटते म्हणून कपडे आठवडाभर खुर्चीवर पडलेली मुलंही आम्ही पाहतो. घरचे म्हणतात, आळशी आहे.

अकरावीतला एक मुलगा सायकलवरून आयर्विन पूल ओलांडायचा आणि पलीकडे गेल्यावर मागे वळायचा. का, तर मघाशी चाक जरा उडालं, आपण कुणाला धडक तर दिली नाही? परत जाऊन बघायचं, कुणी पडलेलं नाही. पुन्हा निघायचं, पुन्हा शंका. क्लासला रोज उशीर व्हायचा. पोरगं मित्रांत रमतंय अशी घरच्यांची समजूत होती. त्याचे हात अगदी चारचौघांसारखे होते.

काही मुलांच्या कृती तर डोळ्यांना दिसतच नाहीत. आकडे मोजणं, ‘वाईट’ शब्द आला की मनात ‘चांगला’ शब्द म्हणून तो पुसून टाकणं, देवाची क्षमा मागणं, हे सगळं डोक्यात चालतं. वर्गात ते मूल खिडकीबाहेर बघत बसलेलं दिसतं, आणि शेरा मिळतो ‘लक्ष नाही’.

आमच्या घरात सोवळंओवळं आहे. मग संस्कार कुठे संपतात आणि आजार कुठे सुरू होतो?

हा प्रश्न सांगलीत फार येतो आणि तो रास्त आहे. डॉक्टरने घरातल्या रीतीलाच आजार म्हटलं, तर ते घर पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

आजीचं सोवळं पूजा झाली की संपतं. नैवेद्य दाखवला, सोवळं बदललं, आजी चहा प्यायला मोकळी. मुलाचं संपत नाही. आंघोळ झाली, पण बादलीचा काठ लागला असेल, म्हणून परत. देवापुढे हात जोडले, पण नेमका तेव्हाच घाणेरडा विचार आला, म्हणून परत. रीत पाळून मन निवतं का आणखी तापतं, हे बघा. दुसरं म्हणजे नियम पसरतोय का? आधी फक्त देवघर होतं, मग स्वयंपाकघर, मग शाळेची बॅग, मग बाबांची गाडी, असं होत असेल तर तो संस्कार उरलेला नाही.

आणि घरातल्या सगळ्यांत कडक सोवळ्याच्या माणसाला विचारा. आमचा अनुभव असा की बहुतेकदा आजीच सांगते, “एवढं तर आमच्या सासूबाईंनीपण कधी पाळलं नाही हो.” आजीच्या त्या वाक्यावर मी कुठल्याही फॉर्मपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

वयात येणाऱ्या मुलींबाबत एक लक्षात ठेवा. घरात पाळीचा विटाळ पाळत असतील तर काही मुलींची शंका तिथूनच जोर धरते. तिला आजार घरच्या रीतीमुळे झाला असं नाही. आजार घरात जे हाताशी सापडेल त्यालाच धरून वाढतो.

कोणत्या वयात लक्ष ठेवायचं?

एक लाट साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुसरी विशीच्या सुरुवातीला. लहान वयात मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. पुढे मुलींचं प्रमाण बरोबरीला येतं. मोठेपणी उपचाराला येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात शाळेच्या वयातच झालेली असते. घरात आई-बाबा, मामा, आत्या कुणाला हा त्रास असेल तर जरा आधीपासून लक्ष द्यावं.

चार वर्षांची मुलगी हिरवीच ताटली मागते, रोज तीच गोष्ट सांगायला लावते. हा ओसीडी?

बहुधा नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना ठरलेपण आवडतं. त्यात त्यांना मजा येते आणि हळूहळू ते सुटतं. ओसीडीत मजा नसते.

स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पहिल्या चाचपणीत, काय विचारतात? आम्ही घरी विचारू शकतो का?

विचारू शकता, आणि विचाराच. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००५ साली ओसीडीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सहा साधे प्रश्न आहेत आणि जगभर डॉक्टर त्यांचाच आधार घेतात. आपल्या बोलीत ते असे होतील: तू हात-पाय, वस्तू खूप वेळा धुतोस का? खूप वेळा तपासून बघतोस का? एखादा विचार सतत त्रास देतो, घालवायचाय पण जात नाही, असं होतं का? रोजची कामं आवरायला फार वेळ लागतो का? वस्तू ठरावीक पद्धतीनेच लागतात, किंवा पसारा बघून फार बेचैन व्हायला होतं का? आणि शेवटचा, यातल्या कशाचा तुला त्रास होतो का?

सहावा प्रश्न घाईत गाळला जातो. पहिल्या पाचांना ‘हो’ म्हणणारी पुष्कळ मुलं असतात. सहाव्याला ‘हो’ म्हणताना मुलाचा चेहरा बदलला, तर पुढची तपासणी करायची.

विचारायची वेळही महत्त्वाची. जेवणाच्या ताटावर, सगळ्यांदेखत, “तुला ओसीडी आहे का रे?” असं विचारू नका. गाडीवर मागे बसलेलं असताना, भाजी निवडताना, तुमच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागणार नाही अशा वेळी मुलं जास्त बोलतात.

विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणाली. विषय संपला का?

नाही. ओसीडीचं मूल स्वतःहून सांगत नाही आणि पहिल्यांदा विचारल्यावर बहुतेकदा नाकारतं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कारण विचारच तसे असतात. देव्हाऱ्यासमोर घाणेरडी चित्रं दिसणं. झोपलेल्या धाकट्या भावाला आपण काही इजा करू असं वाटणं. बाबांचा अपघात व्हावा असं वाक्य आपोआप मनात उमटणं. बारा वर्षांच्या मुलीने हे कुणाला सांगायचं? आपण राक्षस आहोत किंवा वेडे होतोय, अशी तिची खात्री पटलेली असते. शिवाय काहींना वाटतं, बोललं की ते खरं होईल.

म्हणून आम्ही दार आधी आपल्या बाजूने उघडतो. “बऱ्याच मुलांच्या डोक्यात नको नको ते विचार येतात. देवाबद्दल, आई-बाबांबद्दल, घाण, शरीराबद्दल. ती मुलं वाईट नसतात. तुझ्याही डोक्यात असं काही येतं का? काय येतं ते आज नाही सांगितलंस तरी चालेल, येतं एवढंच सांग.” बऱ्याच मुलांच्या तोंडून यावर फक्त एक बारीक ‘हं’ निघतं. पहिल्या भेटीत तेवढंच पुरे असतं. आई तेव्हा खोलीत नसलेली बरी, कारण तेव्हा आईचा चेहरा ताब्यात राहत नाही. त्यात आईचा दोष नाही.

मुलगी म्हणाली, ‘तुला सुरी मारेन असं वाटतं.’ आम्ही सुऱ्या लपवल्या. ती धोकादायक आहे का?

ज्या विचाराने मूल घाबरून रडतं, सुरीपासून लांब पळतं, तो विचार त्याची इच्छा नसते. ओसीडीतले हे विचार मुलाच्या स्वभावाच्या अगदी उलटे असतात, म्हणून तर इतके छळतात. सुऱ्या लपवल्या की तिला वाटतं, म्हणजे आईलाही माझी भीती वाटते.

मात्र राग धरून, ठरवून कुणाला इजा करायची भाषा असेल, किंवा ‘मला जगायचं नाही’ असं मूल म्हणत असेल, तर तो वेगळा विषय आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ओसीडीच्या जोडीला नैराश्य येऊ शकतं. ‘मरावंसं वाटतं का’ असं स्पष्ट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार नव्याने भरत नाही.

फॉर्ममध्ये किती मार्क पडले म्हणजे ओसीडी?

पालकांना टक्केवारीची सवय. इथे मार्कांनी निकाल लागत नाही.

सात ते सतरा वयासाठी ‘ओसीआय-सीव्ही’ नावाची २१ प्रश्नांची प्रश्नावली आहे, मूल ती स्वतः भरतं. तिच्यातून संशय बळावतो किंवा मावळतो, इतकंच. ‘सीवाय-बॉक्स’ ही दुसरी पद्धत. तिच्यात डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ मुलाशी आणि पालकांशी सविस्तर बोलून विचार आणि कृती दोन्हींचे मिळून ४० पैकी गुण देतात. १६ च्या पुढे साधारण मध्यम त्रास, २४ च्या पुढे तीव्र असं धरतात. पण हे माप निदान झाल्यावर त्रास किती आहे आणि उपचाराने किती उतरला हे बघायला जास्त उपयोगी पडतं. फॉर्म मराठीतून नीट समजावून भरून घेतला नसेल तर आकडा सरळ बाजूला ठेवा.

मोबाईलवर ‘तुम्हाला ओसीडी आहे का’ अशा दहा प्रश्नांच्या चाचण्या फिरतात. शंका घ्यायचाच आजार असलेल्या मुलाच्या हातात त्या पडल्या की मूल रोज वीसदा तीच चाचणी देत बसतं.

रक्त तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन करून कळतं का?

नाही. निदान बोलण्यातूनच होतं. अपवाद एका परिस्थितीचा: अगदी ठणठणीत मूल घसा दुखून ताप येऊन गेल्यानंतरच्या काळात अचानक, एक-दोन दिवसांत एकदम धुणं, मोजणं, खाणं बंद करणं, चेहऱ्याला झटके असं करू लागलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घशाच्या जंतुसंसर्गाशी जोडलेला असा एक दुर्मिळ प्रकार आहे.

शिक्षक म्हणून आम्हाला वर्गात काय दिसेल?

वही दिसेल. सातवीतल्या एका मुलीची मराठीची वही माझ्यासमोर आली होती. ‘क्ष’ची गाठ मनासारखी येईपर्यंत खोडायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा खोडायचं. तीन पानांना भोकं पडलेली, आणि भोकांना मागून चिकटपट्टी लावलेली, तीही काटेकोर चौकोनी. खाली लाल शाईत शेरा होता: ‘अक्षर सुंदर. वेग वाढव.’ बाईंना दोष कसा देणार, अक्षर खरंच सुंदर होतं.

हुशार मुलाचा पेपर अर्धा कोरा, पण लिहिलेला अर्धा निर्दोष. सारखी बाथरूमची परवानगी. हातांची सालं निघालेली, बोटांच्या पेरांत भेगा. “सर, बरोबर आहे ना? नक्की ना?” एकाच गणितावर पाच वेळा. डबा न खाणं. यातलं काही दिसलं तर वर्गात बोलू नका, पालकांना एकटं बोलवा आणि ‘तुमच्या मुलाला ओसीडी आहे’ असं न म्हणता जे पाहिलं तेवढंच सांगा.

मग शाळेतल्या सगळ्याच मुलांचं सरसकट स्क्रीनिंग का करत नाही?

संस्थाचालक उत्साहाने हे सुचवतात. माझं मत विरुद्ध आहे. समजा, हजार मुलांना फॉर्म दिला आणि त्यांत खरा त्रास वीस जणांना आहे. फॉर्मने त्यांतली सोळा मुलं पकडली. उरलेल्या ९८० पैकी समजा दहा टक्क्यांवर उगाच बोट ठेवलं, म्हणजे ९८. आता ११४ घरांत चिठ्ठी जाणार, त्यांतल्या सोळांनाच गरज. आणि ज्यांनी लाजेपोटी सगळीकडे ‘नाही’वर खूण केली, ती चार मुलं आता ‘तपासून ठीक आहे’ म्हणून आणखी मागे पडणार. इतक्या जणांशी तासभर बोलायला तज्ज्ञ कुठून आणायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्या यादीत ओसीडी नाही. त्यांना सांगितलंत तर पुढे पाठवायला मदत होऊ शकते. सरसकट फॉर्मपेक्षा प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना वही वाचायला आणि प्रश्न विचारायला शिकवलं तर जास्त मुलं सापडतील.

कुणी काही केलंय का हे आधी बघून घेऊ म्हणतात सासरे. काय करू?

सासऱ्यांशी भांडू नका. देवदर्शनाला जायचं तर जा, अंगारा लावा. फक्त डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मुलाला मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं असं काही होणार असेल तर तिथे थांबा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे आणि त्यात हा गुन्हा आहे.

जायचं कुठे?

सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडच्या बाजूच्यांना कृष्णा रुग्णालय. मानसोपचाराच्या ओपीडीचे वार आधी विचारून घ्या. जतहून किंवा माण तालुक्यातून एसटीने यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी ओपीडी नसली तर पुन्हा यायची उमेद राहत नाही. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रं असतात, तिथूनही सुरुवात होते. प्रवास जमतच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

शाळेत, नात्यात कळलं तर? उद्या मुलीचं लग्न ठरायचंय.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शाळेला सांगायचं की नाही हे तुम्ही आणि मुलगी मिळून ठरवा. लिहायला जास्त वेळ लागत असेल तर एका विश्वासातल्या बाईंना सांगितल्याचा फायदाच होतो. लग्नाचं म्हणाल, तर अठराव्या वर्षी उपचार घेऊन बरी झालेली मुलगी आणि सव्वीसाव्या वर्षी सासरच्या न्हाणीघरात दोन-दोन तास अडकलेली मुलगी, यांतलं काय हवं ते ठरवा.

तारीख मिळेपर्यंत घरी काय करू?

बहुतेक घरं नकळत आजाराच्या सेवेला लागलेली असतात. चौथीतला एक मुलगा झोपताना विचारायचा, “मम्मी, मी उद्या उठणार ना?” नुसतं ‘हो’ चालायचं नाही. “हो राजा, नक्की उठणार” हेच शब्द, त्याच सुरात. मध्ये कुणाला खोकला आला तर पहिल्यापासून. बाबा टीव्ही म्यूट करून बसायचे. मोठी बहीण स्वयंपाकघरात उभी राहायची, कारण ती खोलीत असली तर मोजलं जायचं नाही. अख्खं घर अकरापर्यंत जागं. प्रेमापोटीच चाललेलं हे सगळं आजाराला खतपाणी घालतं.

पण हे वाचून आज रात्रीपासून सगळं एकदम तोडू नका. मूल हादरेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल. पाण्याची मोटर बंद करणं, बाथरूमचं दार ठोठावणं, “नाटकं बंद कर” म्हणून चिडणं, याने त्रास वाढतो. सध्या एवढंच करा: नवीन नियमाला होकार देऊ नका, आणि “हा प्रश्न तुझी शंका विचारतेय, तू नाही” असं शांतपणे म्हणा. बाकीचं कसं कमी करायचं ते उपचारात टप्प्याटप्प्याने शिकवतात.

निदान झालंच तर गोळ्या आयुष्यभर?

सौम्य त्रासात बरेचदा गोळ्यांशिवायच सुरुवात होते. मुख्य उपचार ‘ईआरपी’: भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि कृती रोखायची. त्रास जास्त असेल तर सर्ट्रालीन, फ्लुऑक्झेटीन यांसारखी औषधं जोडतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ११२ मुलं होती. थेरपी आणि सर्ट्रालीन दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं बारा आठवड्यांत जवळजवळ लक्षणमुक्त झाली, नुसत्या गोळीवर साधारण पाचातलं एक. औषधाचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मूल अस्वस्थ, चिडचिडं वाटलं किंवा मरणाची भाषा करू लागलं तर लगेच कळवा. गोळी मनाने बंद करू नका.

तपासून घेतलं, काही निघालं नाही. तरी मनातून शंका जात नाही.

पुन्हा पुन्हा करण्याला दुसरी कारणंही असतात: साधी चिंता, टिक्स म्हणजे नकळत येणारे झटके, स्वमग्नता, परीक्षेचा ताण. ती डॉक्टरांनी पाहिलीत का, हे विचारा. मग दोन-तीन महिने एक छोटी वही ठेवा. सकाळी आंघोळीला किती मिनिटं, घराबाहेर पडायला किती, रात्री झोपताना किती प्रश्न. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस पुरे, आणि मुलाला सांगून. आकडे वाढत गेले, वजन उतरलं किंवा शाळा बुडू लागली तर महिने मोजत बसू नका, वही घेऊन या. चोरून काढलेला व्हिडिओ मात्र आणू नका. मुलाला ते कळलं की ते तुमच्याशीही बोलायचं थांबतं.